निवडुंगाला नटवू नका

आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात छायाचित्रांच्या विभागाचा मी एक परीक्षक होतो. विषय होता 'वसंतातील निसर्ग'. नववीतल्या एका मुलाने फड्या निवडुंगाचा फोटो लावला होता. हिरवागार फडा, त्याच्या कडेवर एकच पिवळेधमक फूल आणि पाकळ्यांवर दवाचे टपोरे थेंब. आम्ही एकमताने त्याला पहिला क्रमांक देऊन टाकला.

बक्षीस जाहीर झाल्यावर मी तो फोटो पुन्हा नीट पाहिला. फुलाची सावली अगदी त्याच्या बुडाशी पडली होती. म्हणजे सूर्य डोक्यावर होता. मग भर दुपारी दव आले कोठून? मुलाला विचारले, तर तो सरळपणे म्हणाला, "सर, बाटलीतलं पाणी शिंपडलं. आणि फड्यावर पांढरी बुरशी होती ना, ती काठीला फडकं बांधून पुसून काढली. घाण दिसत होती." फोटो मनोरीचा होता. तेथे त्याचे आजोळ.

त्या मुलाचा मला राग आला नाही. राग आला तो स्वतःचा. कारण त्याने पुसून टाकलेली ती 'घाण' हीच त्या फोटोतली सर्वांत मोलाची गोष्ट होती, आणि असे फोटो स्वच्छ करायला आम्हीच, बक्षिसे देऊन देऊन, मुलांना शिकवत होतो.

ती बुरशी नव्हतीच. फड्यावर कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे पुंजके दिसतात, त्या मेणकट आवरणाखाली एक बारीकसा किडा सोंड रोवून रस शोषत बसलेला असतो. त्याची मादी बिनपंखांची. एकदा बसली की जागची हलत नाही. ती काडीने चिरडली तर काडी लालभडक होते. किरमिजी रंग पूर्वी अशाच किड्यांपासून काढीत. आता त्याची भारतातली हकिगत ऐका. निवडुंगाचे कॅक्टस कुळ मूळचे अमेरिकेतले. या कुळातली एकच जात काय ती आफ्रिकेत आणि श्रीलंकेत आपली आपण पोचलेली आहे. फड्या निवडुंग आपल्याकडे माणसानेच आणला. त्याच्यामागून १७९५ मध्ये इंग्रजांनी रंगाच्या लोभाने हे किडे ब्राझीलहून भारतात आणले. पण आणली ती भलतीच जात! रंग हलका निघाला, धंदा बुडाला. किड्यांनी मात्र निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. हे पाहून पुढे १९२६ मध्ये, माजलेला दुसरा निवडुंग हटवण्यासाठी, श्रीलंकेतून किड्यांची आणखी एक जात मुद्दाम आणली गेली. किडीला तणावर सोडायचे हे शास्त्र आज सगळ्या जगात वापरतात, आणि त्याच्या पहिल्या धड्यांपैकी एक आपल्या देशात असा चुकून गिरवला गेला. हा सारा इतिहास त्या मुलाच्या फडक्यात गेला!

तुम्ही म्हणाल, फोटो सुंदर नको का? हवा, जरूर हवा. पण सौंदर्य शोधायचे असते, शिंपडायचे नसते.

आता मनोरीलाच जाऊ या. मालाडहून मार्व्याला जायचे आणि तरीने खाडी ओलांडायची, की आलीच मनोरी. माघ-फाल्गुनापासून ऊन चढू लागले की वाड्यांच्या कुंपणांकडे लक्ष ठेवा. आपण सरसकट ज्याला निवडुंग म्हणतो त्यात दोन अगदी वेगळी कुळे मिसळलेली आहेत. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस. त्रिधारी निवडुंग, वई निवडुंग आणि शेर ही मंडळी एरंडाच्या कुळातली. कोरड्या जागी पाणी साठवायचे, पाने टाकून द्यायची आणि खोडानेच अन्न तयार करायचे, ही युक्ती दोन्ही कुळांना स्वतंत्रपणे सुचली. म्हणून ती सारखी दिसू लागली. त्यांतला फरक कळण्यासाठी फांदी तोडून चीक काढून पाहण्याचा उद्योग करू नका. तो चीक डोळ्यांत गेला तर दवाखाना गाठावा लागेल. जवळून घेतलेला एक चांगला फोटो पुरतो. कॅक्टसचे काटे एका लोकरीसारख्या लहानशा गादीतून झुबक्याने उगवतात. त्रिधारीचे जोडीजोडीने धारेवर बसलेले असतात. फड्यावर नवा कोवळा फडा फुटला असेल तर आणखी जवळ जा. (हात मात्र लांब ठेवा. त्या गादीतली केसांसारखी कुसळे बोटांत गेली तर दोन दिवस निघत नाहीत, हे अनुभवाने सांगतो.) कोवळ्या फड्यावर बारीक, टोकदार हिरवी पाने दिसतील. थोड्याच दिवसांत ती गळून जातात. फडा हे पान नसून खोड आहे, हे पुस्तकात वाचलेले वाक्य तेथे डोळ्यांनी पाहता येते.

फुलाचे तर विचारूच नका. ताजे असताना ते पिवळे असते, उतरताना त्यावर नारिंगी छटा येते. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच असे एकाच फुलाचे तीन फोटो घेऊन पाहा. मधमाशी आत शिरली की डोळे ताणून बघा: तिचा धक्का लागताच पुंकेसर हळूहळू आतल्या बाजूला वळतात. लाजाळूची पाने सर्वांना ठाऊक. निवडुंगाच्या फुलालाही स्पर्श कळतो हे किती जणांनी पाहिले आहे? माशी येण्याआधीचा एक आणि ती गेल्यानंतरचा एक, एवढे दोन फोटो मिळाले तर कोणत्याही पाण्याच्या थेंबाची गरज उरत नाही.

अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या वाळवंटात सग्वारो नावाचा प्रचंड कॅक्टस वसंताच्या शेवटी फुलतो. त्याची पांढरी फुले रात्री उघडतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. रात्री वटवाघळे येतात, सकाळी कबुतराच्या जातीचे पक्षी आणि मधमाश्या. जो उशिरा उठून, नाश्ता करून निघेल त्याच्या फोटोत कॅक्टस येईल. पण त्याच्या आयुष्यातला मुख्य प्रसंग यायचा नाही. मनोरीलाही हाच न्याय लागू आहे.

फुलावर पाणी शिंपडले तर फूल काही मरत नाही, हे मला मान्य आहे. पण ही सवय किनाऱ्यावर गेली की महागात पडते. मनोरीच्या वाळूवर आणि खाडीच्या चिखलात हिवाळाभर परदेशी चिखले पक्षी उतरतात. मार्च-एप्रिलमध्ये त्यांतल्या काहींच्या छातीवर तांबूस रंग चढू लागतो. तोही एक वसंताचा बहरच म्हणा ना! हे पक्षी लवकरच तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच पठारांकडे निघणार असतात. त्या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगातली चरबी, आणि ती साठवायला ओहोटीचे मोजके तासच हाती असतात. भरतीला ते किनाऱ्यावर दाटीने विसावतात. नेमके तेव्हाच कोणीतरी 'उडतानाचा फोटो' मिळावा म्हणून त्यांच्यावर धावत जातो. एका धावेत दोनशे पक्षी उठतात, घिरट्या घालतात, पुन्हा बसतात. मग दुसरा कोणी धावतो. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तेव्हा रविवारी अशा धावा किती होत असतील याचा हिशेब तुम्हीच करा. त्यापेक्षा भरती चढू लागण्याआधी एका जागी गप्प बसून राहा. पाणी वर सरकते तसे पक्षी आपण होऊन तुमच्या बाजूला येतात. थोडी मांडी अवघडेल, इतकेच.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. प्रदर्शनात नुसता फोटो घेऊच नये. सोबत एक चिठ्ठी मागावी: तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी, आणि फोटोसाठी तुम्ही काय हलवले, तोडले किंवा पुसले. अर्धे गुण फोटोला, अर्धे चिठ्ठीला. एखादा मुलगा "फांदी बाजूला केली" असे खरे लिहील, तर त्याचे गुण कापू नयेत. खोटे थेंब मात्र खुशाल कापावेत.

त्या नववीतल्या मुलाचे बक्षीस आम्ही परत घेतले नाही; चूक आमची होती. पुढच्या मे महिन्यात त्याने मला एक फोटो पाठवला. फूल जरा कोमेजलेले, फडा पांढऱ्या पुंजक्यांनी माखलेला, आणि एका पुंजक्यावर काडीने ओढलेली लाल रेघ. मागे लिहिले होते: मनोरी, सकाळी ७.४०, ओहोटी. एक किडा चिरडला, बाकी कशाला हात लावला नाही.