वादळाआधी कुत्र्याची तजवीज

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेल्या राज्यांत १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंतचा काळ हा हरिकेनचा, म्हणजे अटलांटिक महासागरात उठणाऱ्या प्रचंड चक्रीवादळांचा, हंगाम म्हणून सरकारी दफ्तरात मुक्रर झालेला आहे; आणि हा हंगाम तोंडावर आला की फ्लोरिडातल्या किंवा टेक्सासमधल्या सूज्ञ गृहस्थाच्या घरी, मग ते ह्यूस्टनला स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब का असेना, पिण्याच्या पाण्याचे कॅन, विजेऱ्या, डबाबंद अन्न, खिडक्यांवर ठोकावयाच्या प्लायवूडच्या फळ्या असा सारा सरंजाम सिद्ध होऊ लागतो. या सिद्धतेच्या याद्यांत घरातल्या कुत्र्याचे नाव बहुधा अगदी तळाशी, औषधांची पेटी आणि विम्याचे कागद यांच्याही खाली, लिहिलेले असते. माझ्या मते ते सर्वांत वर लिहावयास हवे. आणि हे मी श्वानप्रेमाच्या भरात म्हणत नाही, मनुष्यहानीचा रोकडा हिशेब समोर ठेवूनच म्हणतो.

हा हिशेब २००५ साली मांडला गेला. २९ ऑगस्टच्या सकाळी कतरिना हे वादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळले, न्यू ऑर्लिन्सचे संरक्षक बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. शहर सोडण्याचा सक्तीचा हुकूम आदल्या दिवशीच सुटला होता. तरीही हजारो माणसे मागे राहिली. त्यांतल्या अनेकांपाशी वाहन नव्हते, प्रवासाला पैसा नव्हता, जावे कुठे याचे उत्तर नव्हते, हे सर्वश्रुतच आहे. परंतु पुढील वर्षी फ्रिट्झ इन्स्टिट्यूट या संस्थेने केलेल्या पाहणीत असे आढळले की जी माणसे स्वतःच्या निर्णयाने घरी राहिली त्यांतील ४४ टक्के लोकांच्या त्या निर्णयामागे, अंशतः का होईना, घरची पाळीव जनावरे टाकून जाण्याची अनिच्छा होती. जे निघाले त्यांची गतही फारशी निराळी झाली नाही, कारण बचावाच्या होड्यांत आणि बसगाड्यांत जनावरांना बहुधा मज्जाव होता. शहरातल्या सुपरडोम या क्रीडागाराच्या आवाराबाहेर बसमध्ये चढू पाहणाऱ्या एका लहान मुलाच्या हातून पोलिसाने त्याचा छोटा पांढरा कुत्रा काढून घेतला आणि ‘स्नोबॉल, स्नोबॉल’ असा आक्रोश करीत ते पोर उलटी होईपर्यंत रडले, ही बातमी असोसिएटेड प्रेसने दिली तेव्हा साऱ्या देशाला हळहळ वाटली. पण माझ्या मनात त्या मुलापेक्षा अधिक घर करून राहतात ती बसच्या दारापर्यंत आलीच नाहीत अशी माणसे, कारण दारात काय होणार हे त्यांना आधीच ठाऊक होते.

पुढच्या वर्षी, ६ ऑक्टोबर २००६ रोजी, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पाळीव जनावरांच्या स्थलांतराविषयीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. टॉम लँटोस आणि ख्रिस्तोफर शेज या दोन विरुद्ध पक्षांच्या प्रतिनिधींनी पुढाकार घेतलेल्या या कायद्याची कळ मोठी साधी आणि म्हणूनच परिणामकारक आहे: राज्याच्या व शहराच्या आपत्तीनिवारणाच्या आराखड्यात घरगुती जनावरांची आणि अपंगांच्या सेवेतील जनावरांची तजवीज असली पाहिजे, आणि मध्यवर्ती सरकारच्या मदतीची वाट या अटीतून जाते. भूतदयेचे उपदेश पुष्कळ झाले असतील. तिजोरीच्या किल्लीला बांधलेली भूतदया मात्र ताबडतोब अंमलात येते. मात्र या कायद्याविषयी एक गैरसमज तिकडेही रूढ आहे, तो असा की आता प्रत्येक हॉटेलाने आणि प्रत्येक निवाऱ्याने कुत्र्याला आत घेतलेच पाहिजे. तसे त्यात काहीही नाही. कोणता निवारा कुत्र्यासह कुटुंबाला घेतो, कोणता माणसांना एका इमारतीत आणि जनावरांना शेजारच्या आवारात ठेवतो, कोणते हॉटेल किती वजनाचा कुत्रा चालवून घेते, याची खातरजमा गृहस्थानेच करावयाची असते, आणि तीही आकाश निरभ्र असताना; वादळाला अठ्ठेचाळीस तास उरले की त्या टेलिफोनला कोणी उत्तर देत नाही.

या साऱ्या तजविजीत पिंजऱ्याइतकी महत्त्वाची, आणि पिंजऱ्याइतकी उपेक्षित, वस्तू दुसरी नाही. निवाऱ्यात प्रवेश हवा तर कुत्रा पिंजऱ्यात असावा लागतो. पण ज्या कुत्र्याने जन्मात पिंजरा पाहिला नाही त्याला निघण्याच्या घाईत, भिंतींवर हातोड्यांचे घाव पडत असताना आणि घरातली माणसे एकमेकांवर खेकसत असताना, आत ढकलू पाहणे हे त्याच्या दृष्टीने संकट, आणि आपल्या मनगटांच्या दृष्टीनेही संकटच. कुत्र्याला वादळाची पूर्वसूचना मिळते की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी त्याला आपल्या घरच्यांची पूर्वसूचना निश्चित मिळते: माळ्यावरची सुटकेस खाली येते न येते तोच तो पलंगाखाली भिंतीपर्यंत सरकतो, शेपूट पोटाशी घेतो, आणि एरवी बिस्किटाच्या कागदाच्या आवाजाने धावत येणारा प्राणी त्या कागदाकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून कुत्र्याला उभे राहता, वळता आणि पाय पसरून निजता येईल एवढा पिंजरा महिनाभर आधीच दिवाणखान्यात दार सताड उघडे टाकून ठेवावा, आत त्याचीच जुनी सतरंजी घालावी, जेवणाची थाळी आधी दारापाशी, मग उंबऱ्याच्या आत, मग पार मागच्या कोपऱ्यात सरकवीत न्यावी. दार लावण्याची वेळ त्यानंतर येते, तीही पहिल्यांदा काही क्षणांचीच. पुढे पिंजऱ्यासकट मोटारीतून एक-दोन फेऱ्या माराव्यात. ज्या घरी ही तालीम झालेली असते ते घर अर्ध्या तासात बाहेर पडते. इतरत्र पलंगाखाली काठी घालणे चालू असते.

कागदपत्रांचा बंदोबस्त त्या मानाने सोपा आहे. रेबीजच्या लशीचा दाखला, औषधांची चिठ्ठी आणि घरच्या माणसाबरोबर काढलेले कुत्र्याचे छायाचित्र, म्हणजे मालकी सिद्ध करण्याचा प्रसंग आल्यास तोंडी साक्षीवर विसंबावे लागत नाही, हे सारे पाण्याने न भिजणाऱ्या पिशवीत घालावे. गळपट्ट्यावर नाव आणि चालू टेलिफोन क्रमांक असावा. तांदळाच्या दाण्याएवढी जी मायक्रोचिप खांद्यांच्या मध्ये त्वचेखाली बसवितात तिच्या नोंदीतला क्रमांक बदललेला नाही ना हे पाहावे, कारण चिप सापडते आणि मालक सापडत नाही अशी उदाहरणे कमी नाहीत. शिधा आठवड्याचा घ्यावा. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला लिटर-सव्वा लिटर पाणी लागते, तेव्हा त्याच्या वाट्याचे आठ लिटर माणसांच्या पाण्याखेरीज निराळे काढून ठेवावे. (शिधा घेऊन निघण्याचे शहाणपण २०१७ साली हार्वी वादळानंतर टेक्सासमधल्या सिंटन गावच्या ओटिस नावाच्या कुत्र्याने स्वतःच दाखविले: खाद्याची पिशवी तोंडात धरून तो एकटाच रस्त्याने चालला होता, आणि त्याचे ते छायाचित्र जगभर पोहोचले.) भीतीवर द्यावयाचे औषध मात्र पशुवैद्याला विचारल्यावाचून देऊ नये, काही औषधांनी अंग तेवढे सुस्त होते आणि भीती आत जशीच्या तशी राहते.

आणि कुत्र्याला बांधून निघून जाऊ नये. हे सांगावे लागते, याचेच आश्चर्य वाटते. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळ येत असताना टँपाजवळच्या महामार्गाच्या कुंपणाला बांधून सोडलेला एक बुल टेरियर छातीइतक्या पाण्यात उभा असलेला पोलिसांना आढळला, आणि त्याला सोडविणाऱ्या दलावरून त्याचे नाव ट्रूपर पडले. त्याच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा फ्लोरिडाने २०२५ मध्ये केला. नैसर्गिक आपत्तीच्या काळात कुत्र्याला बांधून टाकून जाणाऱ्यास तिथे आता पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वादळ ओसरल्यावर घरी परतण्याची उतावीळ माणसाइतकीच कुत्र्यालाही असते. तरी पहिले काही दिवस त्याला साखळीवाचून अंगणात सोडू नये. कुंपण पडलेले असते, विजेच्या तारा लोंबत असतात, साप उंचवट्यांच्या आश्रयाला आलेले असतात. शिवाय ज्या वासांच्या खुणांवर त्याचा वाटेचा सारा हिशेब चाललेला असतो त्या पावसाने धुऊन गेलेल्या असतात, आणि म्हणून एरवी गावभर फिरून बिनचूक परतणारा कुत्रा आपल्याच गल्लीत वाट चुकतो. साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस त्याला होतो आणि त्याच्यामार्फत आपल्यालाही होऊ शकतो.

लेप्टोचे नाव घेतले की कोकणाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले, श्रीवर्धन-मुरुड भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वर्षभराच्या आतच तौक्ते कोकणपट्टीला झोडपून गुजरातेकडे गेले. अरबी समुद्राच्या वादळांकडे आता अपवाद म्हणून पाहता येणार नाही. आपल्याकडचा कुत्रा मात्र पिंजऱ्यातला नव्हे, पडवीत साखळीला बांधलेला किंवा वाडीत मोकळा हिंडणारा राखणदार असतो, तेव्हा अमेरिकेचा आराखडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. तरीही घर सोडताना निदान त्याची साखळी काढावी, हे सांगण्यास कोणत्याही आराखड्याची गरज नाही. आपद्ग्रस्तांना द्यावयाच्या शासकीय मदतीच्या निकषांत गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, कोंबडी यांची नोंद आहे, ती असलीच पाहिजे, कुत्र्याची नाही. कुत्र्याची किंमत रुपयांत ठरवा अशी माझी मागणी नाही, त्यातून नुसते पंचनामे वाढतील. पण किनाऱ्यावरच्या चक्रीवादळ निवाऱ्यात माणसांना हलविताना, दारात कुत्र्यासह उभ्या असलेल्या म्हातारीला पोलीस पाटलाने काय सांगावे, याचे उत्तर आजच लेखी असले पाहिजे, नाहीतर ती म्हातारी माघारी फिरेल आणि तिला आणावयास पुन्हा कोणाला तरी वाऱ्यात जावे लागेल. त्यासाठी निवाऱ्याच्या तळमजल्यावरचा किंवा शेजारच्या शाळेचा एक आडोसा राखून ठेवावा, तो तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली द्यावा, कुत्रे असलेल्या घरांची यादी ग्रामपंचायतीने करावी, आणि रेबीजच्या लशीचे शिबिर पावसाच्या तोंडावर न ठेवता एप्रिलमध्येच उरकावे. मान्सूनपूर्व आढाव्याच्या बैठकीत या चार ओळींना दहा मिनिटांहून अधिक वेळ लागू नये.