घरगुती विज्ञान : ओट्यावरच्या विजेचा हिशेब

दिवाळीत एमसीबी पडला की घरातील पुरुषमंडळी प्रथम गॅलरीकडे धावतात आणि आकाशकंदील नि तोरणाची माळ बंद करून टाकतात. बिचाऱ्या माळेचा काय दोष? एलईडीची माळ पाच-दहा वॅटची. खरी वीज खातात त्या स्वयंपाकघरातील तापणाऱ्या वस्तू.

हा हिशेब वाण्याच्या यादीहून अवघड नाही. प्रत्येक उपकरणाच्या बुडाशी किंवा पाठीमागे वॅटचा आकडा छापलेला असतो. एका वेळी चालणाऱ्या वस्तूंचे वॅट मिळवावेत आणि बेरजेला २३० ने भागावे. आपल्याकडे विजेचा दाब तेवढा व्होल्ट असतो. उत्तर येते ते अँपिअर. नानकटाईला ओव्हन १५०० वॅट, पाकाला इंडक्शनची शेगडी २०००, पाहुण्यांच्या चहाला किटली १५००. झाले ५००० वॅट, म्हणजे पावणेबावीस अँपिअर. मोठ्या पिनेचा पॉइंट असतो १६ अँपिअरचा, आणि यात मिक्सर अजून धरलेलाच नाही! (मायक्रोवेव्हवर ८०० लिहिलेले असले तर तो बहुधा पदार्थाला मिळणाऱ्या उष्णतेचा आकडा, ओढली जाणारी वीज दीडपट धरावी.)

आता कोणी म्हणेल, ओट्यावर तीन पॉइंट आहेत, मग चिंता कसली? पण तीन पॉइंट म्हणजे तीन तारा नव्हेत. बोर्डावरचा एकेक एमसीबी खाली करून पाहा. जे पॉइंट एकदम बंद पडतात, ते सगळे एकाच तारेवर. बेरीज करायची ती त्यांची.

'भार वाढला तर एमसीबी पडेलच की!' हा भरवसा मात्र अर्धाच खरा. १६ चा घरगुती एमसीबी १६ ओलांडताच पडत नाही. सुमारे १८ अँपिअरला तासभर पडू नये आणि २३ ला तासाभरात पडावा, अशी त्याची घडण. आपले पावणेबावीस नेमके या दोहोंच्या मध्ये! तो गप्प बसेल आणि भिंतीतली तार तापत राहील. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह ३६ टक्के जास्त, तर उष्णता ८५ टक्के जास्त. सैल सांधा असला, किंवा बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये असला, तर प्लास्टिक वितळल्याचा वास आधी तेथूनच येतो.

याहून घातक म्हणजे 'सारखा पडतो ना, मग ३२ चा बसवून टाका' हा सल्ला. एमसीबी राखण करतो ती भिंतीतल्या तारेची. तार तीच ठेवून एमसीबी मोठा बसवणे म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देणे. ओव्हन आणि शेगडी दोन्ही रोजच्या वापरातली असतील तर वायरमनकडून बोर्डापासून दुसरी तार ओढून घ्यावी, तिचा एमसीबीही वेगळा.

हे काम काही सणाच्या गडबडीत होत नाही. तूर्त ओव्हन चालू असताना शेगडी बंद ठेवावी, पाक आणि चहा दोन्ही गॅसवर.