शंभरातले आठ रुपये गेले कुठे?

शेतकरी आणि रापणकार बंधूंनो,

कंपन्यांच्या आयकराशी आपला काय संबंध, असे म्हणू नका. 20 सप्टेंबर 2019 रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी इथेच, आपल्या पणजीत, जाहीर केले की इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना आयकराचा मूळ दर 22 टक्के. बड्या कंपन्यांना तो आधी 30 टक्के होता. म्हणजे शंभर रुपये नफ्यामागे आठ रुपये माफ! तिजोरीला वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींची झळ बसेल, हेही सरकारनेच सांगितले.

ही झळ भरून कोण काढतो? 2023-24 साली कंपन्यांकडून निव्वळ 9 लाख 11 हजार कोटी जमा झाले. व्यक्तींकडून 10 लाख 44 हजार कोटी.

"शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग तुमची ओरड कशाला?" असे कोणी म्हणेल. त्याला सांगा, साबण, खत, होडीच्या इंजिनाचे सुटे भाग, सगळ्यांवर आम्ही जीएसटी भरतो. कंपनी आयकर भरते तो नफा झाल्यावर. आमचे जाळे रिकामे आले, भात आडवे झाले, तरी आमचा कर चुकत नाही.

करसवलतीने कारखाने येतील, रोजगार वाढेल, असे सांगितले गेले. ठीक आहे, हिशेब द्या! 16 जानेवारी 1967 च्या कौलात विलीनीकरण हरले, जाब विचारण्याचा हक्क हरला नाही. मते मागायला येणाऱ्याला दारातच विचारा: त्या आठ रुपयांतून आमच्या गावातल्या किती मुलांना नोकऱ्या लागल्या?