खर्जाची निगा: बेस गिटारसाठी परवडणारे मल्टी-इफेक्ट्स पेडल

बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सेकंदाला सुमारे ४१ कंपने निर्माण होतात, तर साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपने याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ८२ असतात. या एका सप्तकाच्या अंतरात बेसवादकाच्या बहुतेक अडचणींचे मूळ आहे. तरीही मल्टी-इफेक्ट्स पेडल, म्हणजे आवाजावर करायचे अनेक संस्कार एकाच पेटीत संगणकीय पद्धतीने साठवणारे आणि पायाने चालवायचे उपकरण, विकत घेताना या अंतराचा विचार सर्वांत शेवटी होतो, किंवा होतच नाही. नागपुरात असे पेडल घेणारा वादक बहुधा ऑर्केस्ट्रात, महाविद्यालयाच्या बँडमध्ये किंवा चर्चच्या गायनवृंदात वाजवणारा असतो आणि दहा ते वीस हजार रुपयांपलीकडे त्याची उडी जात नाही; 'परवडणारे' हा शब्द येथे याच मर्यादेत वापरला आहे. या मर्यादेत राहून पेडल निवडायचे असेल, तर त्यात किती इफेक्ट आहेत हा प्रश्न गौण ठरतो आणि खालचा स्वर शाबूत ठेवून तो मिक्सरपर्यंत स्वच्छ पोहोचवण्याची त्याची क्षमता किती, हा प्रश्न मुख्य ठरतो, असे येथे प्रतिपादन आहे. या प्रतिपादनाला छेद देणारी मते वादकांमध्ये चांगलीच रुजलेली असल्यामुळे आधी त्यांचा परामर्श घेणे प्राप्त आहे.

पहिले मत असे की बेसला इफेक्ट लागतच नाहीत. बेसवादकाने ठेका सांभाळावा, मूळ स्वर द्यावा आणि रंगकाम गिटार व कीबोर्डवर सोपवावे. या मतामागे संयमाची चांगली परंपरा आहे हे मान्य केले पाहिजे, परंतु इतिहास त्याला पाठिंबा देत नाही. मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ साली गाजलेल्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या अमेरिकेतील नॅशव्हिल येथील ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन यांनी सहा तारांचा बेस वाजवला असता मिक्सरच्या एका नादुरुस्त वाहिनीमुळे त्याचा आवाज फाटून खरखरीत झाला, तो तसाच ठेवला गेला, आणि पुढे १९६२ मध्ये बाजारात आलेल्या माइस्ट्रो फझ-टोन या पेडलाला त्याच आवाजातून प्रेरणा मिळाली. आज गिटारची ओळख मानला जाणारा फझचा फाटका आवाज अशा रीतीने बेसच्या वाटेने आला आहे.

इतिहास बाजूला ठेवला तरी श्रवणशास्त्र याच बाजूने बोलते. स्वर म्हणजे केवळ एक कंपनसंख्या नसते. ४१ च्या मूळ कंपनाबरोबर ८२, १२३, १६४ अशा तिच्या पटीतील उपस्वरांची मालिका वाजत असते. मोबाइलचा किंवा मंडपातील लहान कर्ण्याचा स्पीकर मूळ कंपन मुळीच देऊ शकत नाही, परंतु उपस्वर पुरेसे ठळक असतील तर ऐकणाऱ्याचा मेंदू त्यांच्यावरून मूळ स्वर स्वतः ताडतो. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाजाला हलकीशी फाट देणारा इफेक्ट, नेमके हे उपस्वर वाढवतो. गणेशोत्सवातल्या एखाद्या गल्लीतील मंडळापुढे बेस 'ऐकू येत नाही' अशी तक्रार असते, तेव्हा आवाज वाढवण्यापेक्षा ही अल्पशी फाट अधिक काम करते. तिला शृंगार म्हणून बाजूला सारणे चुकीचे आहे.

कॉम्प्रेसरचेही असेच. कॉम्प्रेसर म्हणजे ठरलेल्या पातळीवर गेलेला आवाज ठरलेल्या प्रमाणात दाबणारा इफेक्ट. पातळी उणे २० डेसिबलवर आणि प्रमाण चारास एक असे ठेवले, आणि अंगठ्याने मारलेला एखादा स्वर उणे ८ पर्यंत गेला, तर पातळीवरचे १२ डेसिबल दाबून ३ केले जातात आणि तो स्वर उणे १७ वर बाहेर पडतो. ९ डेसिबलचा हा फरक नसेल, तर मिक्सरवर बसलेला माणूस त्या एका फटक्याला घाबरून बेसची पट्टी खाली ओढतो आणि उरलेला कार्यक्रम बेसविना जातो. येथे दाबाचा आरंभ, ज्याला अटॅक म्हणतात, २० ते ३० मिलिसेकंदांनंतर व्हावा, म्हणजे बोटाचा आघात सुटून जातो आणि मागची लांबण तेवढी आवरली जाते. आरंभ तात्काळ ठेवला तर आघातच मारला जातो आणि ढोलकी-ऑक्टोपॅडच्या गर्दीत बेस बुडतो.

दुसरे मत अधिक वजनदार आहे. त्यानुसार मल्टी-इफेक्ट्स हे नवशिक्याचे खेळणे होय. जाणत्याने एकेक सुटे पेडल पारखून घ्यावे आणि हळूहळू संच जमवावा. सुट्या पेडलचे गुण खरे आहेत: प्रत्येक बटण डोळ्यांसमोर असते, अंधारात मेनू शोधावा लागत नाही, आणि एक बिघडले तर बाकीची चालू राहतात. मात्र हा युक्तिवाद ज्या वादकाला गृहीत धरतो तो एका बँडचा, एका शैलीचा वादक आहे. नागपूरच्या ऑर्केस्ट्रात एका संध्याकाळी सहाव्या दशकातील संथ युगुलगीत, राहुल देव बर्मन यांच्या काळातील ठसठशीत बेस, नव्वदच्या दशकातील गोल आवाज आणि आजच्या नृत्यगीतातील सिंथसारखा खर्ज, हे सारे फर्माइशीच्या क्रमाने येते. गाणे संपून निवेदकाची दोन वाक्ये होईपर्यंत सारा आवाज बदलायचा असतो. मल्टी-इफेक्ट्समध्ये पॅच, म्हणजे आधी जुळवून साठवलेली पूर्ण मांडणी, एका दाबात बदलते. सुट्या संचात तेवढ्याच बदलासाठी चार पेडल आणि तितकीच बटणे हाताळावी लागतात. खर्चाचा हिशेबही सुट्या संचाच्या बाजूने जात नाही, कारण पेडलांच्या किमतीवर जोडवायरी, वीजपुरवठ्याची पेटी आणि वाहून नेण्याची पाटी यांचा बोजा चढतो, आणि प्रत्येक जोड ही खरखरीची एक नवी शक्यता असते.

संगणकीय प्रक्रियेमुळे आवाज उशिरा येतो, हा याच मताचा आणखी एक युक्तिवाद. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक मीटरला त्याला ३ मिलिसेकंद लागतात. अँप्लिफायरपासून दोन मीटरवर उभा राहणारा वादक ६ मिलिसेकंदांचा उशीर आयुष्यभर तक्रार न करता सोसत असतो, आणि चांगल्या मल्टी-इफेक्ट्सचा उशीर या मापापलीकडचा नसतो. मोबाइल व ब्लूटूथ हेडफोनवर सराव करणाऱ्याला जाणवणारा उशीर याच्या अनेक पट असतो. त्यावरून पेडलला दोष देणे अन्यायाचे आहे.

तिसरे मत व्यवहारी दिसते आणि म्हणूनच सर्वांत जास्त नुकसान करते: गिटारचे मल्टी-इफेक्ट्स घरात असेल किंवा स्वस्तात मिळत असेल, तर बेसही त्यातूनच वाजवावा. विद्युत्‌दृष्ट्या याने काही जळत नाही, पण गिटारसाठी रचलेल्या बहुतेक फाटक्या आवाजांमध्ये फाट पडण्याआधीच खालचा भाग कमी केलेला असतो, कारण गिटारचा खालचा भाग फाटला की चिखल होतो. ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध पेडलमध्ये सुमारे ७२० कंपनांखालच्या भागाला वरच्या भागाइतकी वाढ मिळत नाही. गिटारला हे उपकारक आहे, परंतु बेसचा जवळजवळ संपूर्ण पाया त्या रेषेखाली आहे. तीच गत गिटारच्या स्पीकर-नकलांची, कारण खऱ्या गिटार-स्पीकरची क्षमता ८० कंपनांच्या आसपास ओसरू लागते आणि नक्कल इमानदारीने तेच करते. बेससाठी रचलेल्या पेडलमध्ये या दुखण्यावर ब्लेंड नावाचा उपाय असतो: मूळ अस्पर्श आवाज आणि फाटलेला आवाज हव्या त्या प्रमाणात एकत्र करायचे, म्हणजे पाया कोरा राहतो आणि उपस्वर वर तरंगतात. दुकानात पेडल हाती घेतल्यावर प्रत्येक ओव्हरड्राइव्हमध्ये ही सोय आहे का, हे पाहणे शंभर इफेक्टांची यादी वाचण्यापेक्षा मोलाचे आहे.

या यादीच्या मोहाबद्दल थोडक्यात सांगता येईल. झूम कंपनीच्या बी-वन फोर या पेडलमध्ये साठांहून अधिक इफेक्ट असले तरी एका वेळी पाचच वापरता येतात, आणि रंगमंचावरील बेसला पाचांहून अधिक क्वचितच लागतात. यादीतील ऑक्टेव्हर, म्हणजे स्वर एका सप्तकाने खाली नेणारा इफेक्ट, पाहावा: मोकळ्या जाड तारेवर तो लावला तर सुमारे २० कंपने मागितली जातात, जी माणसाच्या कानाच्या काठावरची आहेत आणि मंडपाचे स्पीकर देऊच शकत नाहीत. तोच ऑक्टेव्हर जाडीने दुसऱ्या तारेच्या सातव्या पडद्यापासून वर वापरला, की ८२ चे ४१ होतात आणि सिंथ-बेसचा भारदस्तपणा खरोखर हाती येतो.

आता मंडनाचा मुख्य भाग, म्हणजे पेडलमधून बाहेर पडल्यावर आवाजाचे काय होते. रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृह किंवा सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह येथील मोठ्या कार्यक्रमात ध्वनिव्यवस्थेची माणसे डीआय बॉक्स देतात. डीआय बॉक्स म्हणजे वाद्याचा असंतुलित संकेत संतुलित करून लांब वायरीतून मिक्सरकडे पाठवणारी छोटी पेटी. संतुलित संकेत एकमेकांच्या उलट अशा दोन तारांवरून जातो, आणि वाटेत शिरलेला गोंगाट दोहोंवर सारखाच असल्यामुळे मिक्सरपाशी वजा होतो. मोहल्ल्यातील मंडळाच्या किंवा लग्नाच्या मंडपात मात्र बेसची साधी वायर थेट मिक्सरमध्ये खोचली जाते, वायर बरीच लांब असते आणि तिच्या शेजारून दिव्यांच्या वायरी गेलेल्या असतात.

या स्थितीत घरगुती विजेचा ५० कंपनांचा गुणगुणाट आत शिरतो, आणि बेसवादकाच्या दृष्टीने त्याची जागा फार वाईट आहे, कारण जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरील स्वराची कंपने ४९ आहेत. ईक्यूने, म्हणजे कंपनसंख्येच्या पट्ट्यांनुसार आवाज कमीजास्त करणाऱ्या साधनाने, तो गुणगुणाट कापायला जावे तर तो स्वरही कापला जातो. नॉइज गेट, म्हणजे ठरलेल्या पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट, तो गुणगुणाट केवळ शांततेत झाकतो. म्हणून उपाय आवाज आत येण्याच्या जागीच करावा लागतो, आणि पेडल निवडताना त्याची बाहेर पडण्याची वाट व त्याचा वीजपुरवठा यांना पहिले स्थान द्यावे लागते.

झूमच्याच जुन्या बी-थ्री या पेडलला एक्सएलआर निर्गम, म्हणजे संतुलित संकेत थेट बाहेर देणारी जोडजागा, होती. त्याच्या जागी आलेल्या बी-थ्री-एनमध्ये इफेक्ट वाढले, पण तो निर्गम गेला. नवे मॉडेल म्हणजे सुधारलेले मॉडेल, हा समज येथे उघडा पडतो, आणि चांगल्या अवस्थेतील जुने पेडल मिळत असेल तर त्याला नाक मुरडू नये. बी-वन फोर आणि बॉसचे जीटी-वन-बी या दोहोंनाही एक्सएलआर निर्गम नाही; परंतु दोन्ही चार पेन्सिल-सेलांवर चालतात, त्यामुळे मंडपातील भिंतीच्या सॉकेटशी आणि अडॅप्टरमधून येणाऱ्या गुणगुणाटाशी त्यांचा संबंध तोडता येतो. शिवाय मल्टी-इफेक्ट्समधून निघणारा संकेत कमी अवरोधाचा, म्हणजे पुढच्या उपकरणाला सहज रेटणारा असतो, म्हणून त्यापुढे ट्रान्सफॉर्मरवर चालणारा, वीज न लागणारा साधा पॅसिव्ह डीआय बॉक्स पुरतो. तोच बॉक्स पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेल्या, बेसला थेट जोडला तर आवाजाची धार काही अंशी मरते. पेडल मध्ये असल्याने ही उणीव राहत नाही. दहा हजारांच्या आसपासचे बेससाठीचे पेडल आणि त्यासोबत स्वतःचा पॅसिव्ह डीआय बॉक्स, ही जोडी वीस हजारांच्या एकट्या पेडलपेक्षा नागपूरच्या मंचांवर अधिक उपयोगी आहे. ज्याला पायाने हळूहळू आवाज चढवायचा किंवा वाह हा इफेक्ट वापरायचा आहे, त्याने बी-वन फोरऐवजी एक्स्प्रेशन पेडल असलेले बी-वन-एक्स फोर पाहावे. इतरांनी त्या जादा पैशांतून चांगली वायर घ्यावी.

आणखी एक आक्षेप उरतो: चांगल्या पेडलवर घरी सुंदर जुळवलेला पॅच सभागृहात गढूळ वाजतो, तेव्हा स्वस्त यंत्रच कमअस्सल असले पाहिजे. दोष बहुधा यंत्राचा नसतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालची कंपने प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. रात्री हेडफोनवर हळू आवाजात वादक खर्ज वाढवत नेतो, आणि तोच पॅच मोठ्या आवाजात वाजला की कानाची ती उणीव नाहीशी होऊन वाढवलेला खर्ज सगळ्यांवर कोसळतो. म्हणून पॅच मोठ्या आवाजात, शक्यतो तालमीच्या खोलीत ढोलक आणि कीबोर्डसह जुळवावा. ३५ ते ४० कंपनांखालचा भाग हाय-पास फिल्टरने कापावा, कारण तेथे बोटांची धडधड आणि मंचाचा कंप याखेरीज फारसे काही नसते. पाच तारांच्या बेसवर मात्र सर्वांत खालची तार सुमारे ३१ कंपनांची असल्याने ही रेषा ३० च्या जवळ आणावी. शेवटी सर्व पॅचांचा एकूण आवाज एकमेकांशी जुळवून ठेवावा, म्हणजे गाणे बदलताना मिक्सरवरच्या माणसाला हात लावावा लागणार नाही.