होकार म्हणजे गहाणखत नव्हे



नोकरी करणाऱ्या मुलीला घेऊन आईबाप वकिलाकडे येतात, तेव्हा बहुधा बाप प्रथम बोलतो, आणि तो कायद्याचा प्रश्न विचारीत नाही. "वकीलसाहेब, आमच्याच पोरीचे चुकले," असे म्हणून तो खाली पाहतो. हकीकत मग हळूहळू बाहेर येते. कचेरीतील साहेबाशी मुलीचे संबंध जुळले. ते तिच्या मर्जीने जुळले, हे ती स्वतः नाकारीत नाही. पुढे तिने ते तोडले आणि त्या दिवसापासून साहेबाचे वर्तन पालटले. रात्री-अपरात्री मोबाईलवर संदेश, कामाच्या निमित्ताने एकांतात बोलावणे, नकार देताच कामाबद्दल वाईट शेरे, दूरच्या शाखेत बदलीची धमकी. घरात मात्र सर्वांचे म्हणणे एकच : आधी आपणच हो म्हटले, आता कोणत्या तोंडाने तक्रार करावी?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात कचेरीची नोकरी करणारी ही पहिलीच पिढी आहे. ती नोकरी जाऊ नये म्हणून आईबाप मुलीला गप्प बसवितात. त्यांची भीती मला कळते. परंतु त्यांचा समज चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत मुलीला द्यावी लागते.

राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ साली अत्याचार झाला. त्यातून उद्भवलेल्या विशाखा खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र अधिनियम झाला. या अधिनियमातील व्याख्येचा सारा भार एकाच गोष्टीवर आहे : ते वर्तन त्या स्त्रीला नकोसे होते काय? पूर्वी हवेसे होते काय, हा त्या व्याख्येतील प्रश्नच नव्हे. लैंगिक स्वरूपाच्या अशा वर्तनाला जोडून नोकरीत लाभाचे आमिष दाखविणे, नोकरी घालविण्याची धमकी देणे, कामात अडथळे आणणे किंवा तिला तेथे बसणे असह्य करून सोडणे, हे सर्व छळातच मोडते. घरमालकाने एकदा चावी दिली म्हणून भाडेकरू जन्मभर त्याच्या घरात शिरू शकत नाही. स्त्रीच्या होकाराला तेवढाही मान असू नये काय?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रेमभंग हा गुन्हा नाही. दोघांनी राजीखुशीने ठेवलेला संबंध तुटला, एवढ्यावर कोणी खटला घालू म्हटले तर मी त्याला परत पाठवीन. बढतीचे खोटे आमिष दाखवून किंवा लग्नाचे वचन मुळातच पाळायचे नसताना देऊन शरीरसंबंध ठेवला असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली तो निराळा गुन्हा होतो. पण तो तसा होता की नाही, हे रागाच्या भरात ठरवू नये.

तक्रार लिहिताना मुली ज्या चुका करतात त्यांपैकी सर्वांत मोठी म्हणजे जुना संबंध लपविणे. कृपा करून तसे करू नका. साहेबाच्या मोबाईलमध्ये जुने प्रेमाचे संदेश आहेत आणि समितीपुढे तो पहिल्याच दिवशी ते मांडणार आहे. लपविलेले सत्य दुसऱ्याच्या तोंडून बाहेर आले की खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो. म्हणून पहिल्याच परिच्छेदात लिहावे : आमचा संबंध होता, अमुक तारखेला मी तो संपविला, त्यानंतर अमुक घडले. नकाराचा संदेश पाठविला असेल तर तोच सर्वांत मोलाचा कागद. लाजेपोटी काहीही पुसून टाकू नये, गोड संदेशही नाहीत आणि कडूही नाहीत.

दुसरी चूक वाट पाहण्याची. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार समितीकडे गेली पाहिजे. सबळ कारण असेल तर समिती ते नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते, त्यापुढे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विधि विद्यापीठातील प्रकरण याच कारणाने मुदतबाह्य ठरविले. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची आणि तक्रार त्याच वर्षीच्या डिसेंबरातली. मधल्या काळात पदावरून दूर केल्याची बाब न्यायालयाने प्रशासकीय मानली, छळाची पुढली कडी मानली नाही. कायदा शिकविणाऱ्यांच्या संस्थेत असे घडते, तर आपल्या घरी काय होईल याचा विचार करा. नंतर झालेल्या बदलीवरून मुदत नव्याने मोजता येईल अशा भरवशावर राहू नये.

दहा वा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. माणसे त्याहून कमी असतील, किंवा मालक स्वतःच छळ करीत असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. घरकाम करणाऱ्या भगिनींनाही ही समिती खुली आहे. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यास साहाय्य करणे समितीवर बंधनकारक आहे. चौकशी चालू असता मुलगी स्वतःची किंवा त्याची बदली मागू शकते, तीन महिन्यांपर्यंत रजा मागू शकते. समितीपुढे वकील नेता येत नाही; आमच्या धंद्याला हे रुचत नाही, पण गरीब फिर्यादीला ते बरेच आहे. साहेबालाही आपली बाजू मांडण्याची पुरती संधी दिली जाते, त्यावर चिडू नका. गोव्यातील एका विद्यापीठात २००९ साली आलेल्या तक्रारींवर चौकशी घाईने उरकली गेली, म्हणून २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून पुन्हा करावयास सांगितली. चौदा वर्षे वाया गेली ती घाईमुळे.

पोलिसांत जाण्याचा मार्ग याहून वेगळा असून तो समितीच्या मार्गाबरोबर चालू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या न्याय संहितेत लैंगिक छळासाठी कलम ७५ आणि पाठलागासाठी कलम ७८ आहे. तीन महिन्यांची ती मर्यादा येथे नाही. मुदती निराळ्या आहेत.

आता जो प्रश्न नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून हमखास येतो त्याकडे वळतो : "आम्ही बौद्ध झालो, जात टाकली, मग अत्याचार प्रतिबंधक कायदा आम्हांस लागू राहिला काय?" राहिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना त्यात स्थान मिळाले. म्हणून छळ करणारा अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा असेल आणि मुलीची जात त्याला ठाऊक असेल, तर १९८९ च्या अधिनियमाचे कलम ३(१)(डब्ल्यू) लागू होऊ शकते. २०१५ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम पाहिले म्हणजे वाटते, जणू त्या बापाचा प्रश्न कोणीतरी आधीच ऐकला होता. स्त्रीचा पूर्वीचा लैंगिक संबंध, मग तो आरोपीशीच का असेना, संमती म्हणून धरता येणार नाही आणि त्यामुळे गुन्हा सौम्यही होणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती, असेही मानता येत नाही. शिवाय आरोपीची तिच्याशी वा तिच्या घरच्यांशी व्यक्तिशः ओळख असेल, तर तिची जात त्याला ठाऊक होती असे कलम ८ प्रमाणे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे त्याने सिद्ध करावयाचे. ज्या जवळिकीची तो ढाल करू पाहतो तीच येथे त्याच्याविरुद्ध उभी राहते. मुलीचे जातप्रमाणपत्र मात्र जपून ठेवा. दीक्षा घेतली म्हणून ते फाडून टाकणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत.

राहता राहिली अब्रूची गोष्ट. समितीपुढील तक्रार, नावे व कार्यवाही प्रसिद्ध करण्यास २०१३ च्या अधिनियमाच्या कलम १६ ने मनाई आहे, आणि ती फोडणाऱ्या समिती-सदस्यालाही दंड होतो. तक्रार शाबीत झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. तेव्हा आज मुलीला दोषी धरण्यापूर्वी तिला एवढेच विचारा की शेवटची घटना कोणत्या तारखेची, आणि ती तारीख तिच्यादेखत वहीत लिहून ठेवा.