समुद्र नसलेल्या गावचे कडे

भूगोलाच्या पेपरात एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. सागरी लाटांच्या खननकार्याने निर्माण होणारी भूरूपे आकृतीसह स्पष्ट करा. आम्ही सारे तो सोडवतो. सागरी कडा, गुहा, कमान, स्तंभ, तरंगघर्षित चबुतरा, सगळे ओळीने. गुणही मिळतात. मात्र आमच्यापैकी निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नसतो. मीही सहलीत हरिहरेश्वरला पोहोचेपर्यंत पाहिला नव्हता. तिथे लाटांनी कोरलेला काळा कातळ पाहताना मनात आले, की हा कातळ आपल्या ओळखीचाच आहे! बालाघाटाचाच हा भाऊ. तिथे फक्त त्याला समुद्र लागला आहे.

परतताना तुळजापूरचा घाट चढताना एस.टी.च्या खिडकीतून कडे नीट पाहिले. वर टणक बसाल्टचा थर, खाली ठिसूळ, बुडबुड्यांच्या छिद्रांचा दगड नाहीतर मुरूम, मधून कुठे लाल मातीचा पट्टा. पावसाचे पाणी भेगांतून झिरपते, खालचा मऊ थर आधी झिजतो, वरचा टणक थर अधांतरी राहतो आणि एके दिवशी धोंडा सुटतो. समुद्राकाठीही हेच घडते. तिथे लाट पायथा पोखरते आणि पडलेला मालही वाहून नेते. इथे ते काम ओढ्यानाल्यांना वर्षातून चार महिने करावे लागते, म्हणून वेग कमी. फरक वेगाचा आहे, जातीचा नाही.

सांगायचा मुद्दा हा की, हा वेग किती ते आपण मोजलेले नाही.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर होल्डरनेस नावाचा भाग आहे. तिथले कडे हिमनदीने आणून टाकलेल्या चिकणमातीचे, त्यामुळे समुद्र ते सरासरीने वर्षाला दीडदोन मीटर खातो. तिथल्या स्थानिक प्रशासनाने 1951 पासून किनाऱ्यावर दर अर्ध्या किलोमीटरला एकेक खांब रोवला आणि खांबापासून कड्याच्या काठापर्यंतचे अंतर मोजायला सुरुवात केली. खांब आणि फीत, एवढेच साहित्य! पुढे विमाने आली, लेसर आले, पण सुरुवात खांबाने झाली. त्या नोंदींतून एक गोष्ट कळली, जी सरासरीत दिसत नाही : एका खांबापाशी कित्येक वर्षे काहीच होत नाही, आणि मग एका हिवाळ्यात कित्येक मीटर जमीन एकदम जाते. आपल्याकडेही राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातील किनाऱ्याचा अभ्यास उपग्रहचित्रांवरून केला, तेव्हा देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे एकतृतीयांश किनारा झिजत असल्याचे दिसले.

आमच्या एका प्राध्यापकांपाशी विषय काढला तर सर हसून म्हणाले, "अरे, इथे वर्षाला बोटभर झिजणार नाही. मोजून काय करशील?" सरांचा मी आदर करतो, पण हे मला पटत नाही. शून्य हीदेखील नोंदच आहे. आणि मोबाईलमधले स्थानदर्शक चारपाच मीटर इकडेतिकडे चुकते, उपग्रहाच्या मोफत चित्रात एक ठिपका दहा मीटरचा. बोटभर झीज कळायची तर फीतच हवी.

झिजण्यासारखे आपल्याकडे काय आहे, असे विचारणाऱ्यांनी धाराशिवची लेणी पाहून यावीत. शहरापासून आठेक किलोमीटर. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला मंडप सुमारे 80 फूट लांब, 80 फूट रुंद, भोवती भिक्षूंच्या खोल्या, गाभाऱ्यात पार्श्वनाथ. आधी बौद्ध की मुळातच जैन, हा वाद विद्वानांनी पुष्कळ घातला आहे. मुनी कनकामरांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या लेण्यांची कथा येते, तीही याच डोंगराशी जोडली जाते. पण लेण्यांचे दर्शनी भाग ढासळलेले आहेत, हा काही वादाचा विषय नाही. दगडच तसा मऊ. जेम्स बर्जेस यांनी या लेण्यांची पाहणी करून अहवाल छापला तो 1878 साली. त्यातली मोजमापे हाती घेऊन आज कोणी कला शाखेचा विद्यार्थी तिथे उभा राहिला, तर इतिहास आणि भूगोल हे दोन विभाग निदान एका दिवसापुरते एकमेकांशी बोलतील! संरक्षित स्मारकात खिळा ठोकता येत नाही, ठोकूही नये. पण ठरलेल्या जागी उभे राहून दरवर्षी त्याच कोनातून छायाचित्र घ्यायला काय अडचण आहे?

अडचण खरी एकच, आणि ती आपलीच. आम्ही तीन वर्षांत बी.ए. होऊन निघून जातो. प्रकल्पाची वही गुण मिळाले की रद्दीत जाते. कड्याला तीन वर्षे म्हणजे काहीच नाहीत. म्हणून वही विद्यार्थ्याची नको, विभागाची हवी. हजेरीपटासारखी कपाटात राहणारी. पावसाळ्याआधी एक नोंद, दिवाळीनंतर एक.

माझ्या मामाचे शेत घाटाखाली ओढ्याच्या काठाला आहे. मामाला मी हे सारे सांगितले तर त्याने मला काठावरच्या कडुलिंबापाशी नेले. अर्धी मुळे हवेत. "माझ्या लग्नात ह्यो लिंब काठापासून सा पावलं आत व्हता. मांडवाला डहाळे ह्याचेच आणले व्हते," तो म्हणाला. त्याच्या लग्नाला एकतीस वर्षे झाली. म्हणजे या जिल्ह्यात मोजणी कोणी केलीच नाही, असे मी वर लिहिले ते पूर्ण खरे नाही. मामाने केली होती. फक्त लिहून ठेवली नव्हती.

गेल्या जूनमध्ये आम्ही दोघांनी काठापासून आत, एका रेषेत दोन लोखंडी गज रोवले. जवळच्या गजापासून काठ 14 फूट 3 इंच. दिवाळीच्या सुट्टीत मोजला तर 14 फूट 3 इंचच. मामा म्हणाला, "मग? ग्येलं का काही?" मी वहीत तारीख घातली आणि तोच आकडा पुन्हा लिहिला. यंदाच्या पावसाळ्यानंतरची नोंद मामा घेणार आहे, कारण तेव्हा माझी परीक्षा आहे. फीत त्याच्याकडेच ठेवून आलो आहे.