जुनी रायफल आणि आजीची अट



दिवाळीला भालकीजवळच्या आमच्या गावी गेलो, तर काका ओसरीवर गोणपाट अंथरून माझी वाटच बघत बसले होते. समोर जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लांबट वस्तू. "ये इंजिनियर, तुझ्या लॅपटॉपपेक्षा सोपं मशीन हाय," म्हणत त्यांनी चादर उलगडली. आत .३१५ बोअरची जुनी रायफल. लाकूड काळं पडलेलं, नळीवर तांबूस ठिपके.

आतून आजीचा आवाज आला, "सणासुदीला ही अवदसा कशाला आणायलास?"

काका शेतवस्तीवर एकटे राहतात. परवाना मिळाला, पण नवी रायफल महाग. म्हणून हुमनाबादकडच्या एका वयस्कर परवानाधारकाची वापरलेली घेतली. मला वाटत होतं, लष्करानं मोडीत काढलेली .३०३ स्वस्तात मिळत असेल. परदेशात हौशी लोक तशा घेतातही. आपल्याकडे मात्र .३०३ हा लष्करी बोअर, तो सामान्य परवान्यावर मिळत नाही. .३१५ ही तिचीच मुलकी बहीण. इशापूरच्या त्याच सरकारी कारखान्यातली, तशाच ली-एनफिल्ड पद्धतीच्या बोल्टची.

खरेदीही सेकंडहँड मोटारसायकलसारखी नसते. विकणाऱ्यानं घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं. काकांनी हे सगळं केलं होतं. कागदांची फाईल रायफलीपेक्षा चकचकीत होती.

मग कामाला लागलो. परवाना काकांचा, म्हणून ते पूर्ण वेळ शेजारी. आधी मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला, आत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहिलं आणि बोटानंही चाचपलं. सर्व्हर बंद आहे असं कुणी सांगितलं तरी आपण एकदा तपासतोच, तसं.

मी तेलाची बाटली उचलली तर काका म्हणाले, "आधी पाणी." जुन्या काडतुसांच्या टोपीत असं रसायन असायचं, की गोळी सुटल्यावर नळीत एक क्षार उरायचा. मिठासारखाच तो हवेतला ओलावा ओढतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. वरून तेल लावलं की नळी चमकते, पण तेलाखाली गंज वाढतच राहतो. म्हणून जुने सैनिक गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे. आम्हीही बोल्ट काढून, लाकूड भिजू न देता, मागच्या बाजूनं नरसाळ्यानं पाणी ओतलं. खालच्या घमेल्यात काळं पाणी पडलं. गजाला चिंध्या लावून नळी कोरडी केली आणि मगच तेलाचा पातळ हात फिरवला. गजही मागूनच घालायचा. पुढून घातला तर तोंडाशी असलेल्या पेचदार खाचा झिजतात आणि नेम बिघडतो.

बाहेरच्या गंजासाठी मी पॉलिश पेपर आणला होता. तो काकांनी काढून घेतला. त्यानं वरचा काळा थर जातो, नंबरही पुसट होतो. शस्त्रावरचा नंबर मिटवणं हा गुन्हा आहे. मग तेलात बुडवलेल्या मऊ स्टील वुलनं हलकेच घासलं.

लाकडाला काय लावलं असेल? जवसाचं तेल! चटणीच्या जवसाचंच. दोन थेंब तळहातावर घेऊन चोळायचं, वाळू द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. एक लक्षात ठेवा, त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका. वाळताना त्या तापतात आणि पेटूही शकतात. उघड्यावर पसरून वाळवा. आणि हो, धुतली म्हणजे चालवायला तयार असं नाही. आधी परवानाधारक कारागिराकडून तपासणी.

लाकडाचा तपकिरी रंग वर आला तशी आजी बाहेर येऊन बसली. १९४८ साली ती दहा वर्षांची होती. माहेरी ठासणीची बंदूक होती. रझाकारांच्या दिवसांत तिचे वडील ती घेऊन रात्री पहाऱ्याला जायचे. त्या मे महिन्यात बसवकल्याणकडच्या गोरट्यात झालेल्या कत्तलीची बातमी आली, तेव्हा घरात कुणी जेवलं नाही. १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनं निजामाची राजवट संपली.

पण आजी तिथं थांबत नाही. त्यानंतर सूड घेणारे निघाले. शेजारच्या मुसलमान घरातली बायकापोरं चार रात्री तिच्या माजघरात होती, आणि वडील तीच बंदूक घेऊन दाराशी बसले होते. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यात उस्मानाबाद, नांदेडबरोबर आपलं बीदर आणि गुलबर्गाही आहे. पुढे वडिलांनी बंदूक सरकारजमा केली, ती परत मागितली नाही.

"तुझी हौस कर," आजी काकांना म्हणाली, "पण तुझ्यामागं ही पोरांच्या गळ्यात नको. आताच काय ते ठरव."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मुलबाळ नाही. ही मी ठेवावी, ही त्यांची इच्छा मला कळत होती. मी बंगळूरच्या फ्लॅटमध्ये राहतो. शस्त्र सांभाळण्याची माझी तयारी नाही, हे मी सांगितलं. सांगताना जड गेलं.

परवानाधारक गेल्यावर वारसानं शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. पुढे स्वतः परवाना मागायचा की ते विकायचं, हे नंतर. पण आपल्या भागात कितीतरी घरांत माळ्यावर आजोबांची बंदूक आणि ट्रंकेत त्यांचा मुदत संपलेला परवाना तसाच पडलेला असतो. नातवंडांना वाटतं ती आठवण आहे. कायद्याच्या दृष्टीनं ते विनापरवाना शस्त्र असतं. तुमच्या घरी असेल तर या सुट्टीत वडीलधाऱ्यांना जरूर विचारा.

काकांनी फाईलमध्ये एक कागद वाढवला: "माझ्यानंतर ताबडतोब जमा करणे." खाली सही केली. रायफल एका कुलपात गेली, बोल्ट दुसऱ्या.

निघताना काका म्हणाले, "ठीक हाय. ठेवू नकोस. पण दर दिवाळीला जवसाचं तेल लावायला तरी यायचं."

येईन म्हणालो.